थोरल्या काकाची माती

थोरल्या काकाच्या थडग्यावरचं गवत मी दर वर्षी स्वतःच्या हातानं उपटते. पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या दिवशी पुण्याहून गाडीनं कर्जतला उतरायचं, पिशवीतून विळा काढायचा आणि नदीच्या अंगाला असलेल्या आमच्या लहानशा दफनभूमीत जाऊन बसायचं, हा माझा नेम. उशाचे दगड हलले असतील तर पुन्हा घट्ट बसवते. कोल्ह्यानं कडेला उकरलं असेल तर माती ओढून पायानं चोपते. इथल्या आमच्या चार ख्रिस्ती घरांतल्या बाया म्हणतात, चुलत्यावर केवढी माया हिची! त्यांना म्हणू द्यावं. माया वगैरे काही नाही. त्या माणसाचं एकही हाड जागेवरून हलू नये, एवढंच मला बघायचं असतं.

यंदाही बसले होते. ऊन चढलं होतं, आणि पलीकडच्या शेतांत राब भाजत होते. पालापाचोळा, शेण, वाळल्या काटक्या यांचा तो धूर जमिनीलगत सरपटत येतो आणि मग दिवसभर लुगड्याला त्याचा वास राहतो. राखेचा वास मला आजही सोसत नाही. चैत्रात सगळं कर्जत त्या वासानं भरतं, आणि माझ्या बापाचं मरणही चैत्रातलंच.

बाप स्टेशनात दिवेवाला होता. सिग्नलचे दिवे पुसायचे, वाती कापायच्या, तेल घालायचं आणि सांज झाली की शिडीवर चढून ते लावायचे. त्याच्या हाताला, बंडीला, भाकरीच्या फडक्यालासुद्धा दिव्याच्या तेलाचा वास असे. घाट चढायला गाडीला मागून दुसरं इंजिन जोडत, तेव्हा होणारा तो धडाड आवाज भिसेगावातल्या आमच्या खोपटापर्यंत येई. आई चुलीपुढून म्हणे, "लागलं इंजिन. आता येतील तुजं बाबा." थंडीच्या दिवसांत तो येताना वालाच्या शेंगा आणी. त्या मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्याखाली भाजायच्या आणि गरम गरम सोलून खायच्या. कैऱ्यांच्या दिवसांत त्याच्या खिशात मिठाचा खडा असे. माझं बालपण म्हणजे बहुतेक त्याचे खिसेच.

स्टेशनाच्या मागं एका पडवीत मिशनचे उपदेशक रविवारी शास्त्र वाचत. बाप आधी नुसता दाराशी बसे, मग आत बसू लागला, मग एका पावसाळ्यानंतर आम्ही तिघांनी नदीत बाप्तिस्मा घेतला. नवी नावं मिळाली, पण घरात तो धोंडूच राहिला आणि आई सखूच. त्याच्या थोरल्या भावानं, कशेळ्याच्या रस्त्यावर ज्याचं घर आणि शेत होतं त्या थोरल्या काकानं, त्या दिवसापासून आमच्याकडचं पाणी सोडलं.

उपदेशकांची शिकवण्याची एक तऱ्हा होती. ते म्हणत, येशू तिसऱ्या दिवशी उठला ही काही अचानक झालेली गोष्ट नव्हे. शेकडो वर्षं आधी इब्री संदेष्ट्यांनी ती सांगून ठेवली होती. मग ते बोटांवर मोजत एकेक पुढं ठेवत. दावीद राजानं गायलं होतं की देव आपल्या पवित्र माणसाला कुजू देणार नाही. पण दावीद स्वतः मेला, पुरला गेला, कुजला. मग ते गाणं कुणाविषयी? यशयानं एका सेवकाविषयी लिहिलं, जो मेंढरासारखा मारला गेला आणि तरीही पुढं उजेड पाहणार होता. मेल्यावर उजेड कोण पाहतो? योना तीन दिवस माशाच्या पोटात होता. यहेज्केलानं सुकलेल्या हाडांचं खोरं उभं राहताना पाहिलं. आणि होशेय म्हणाला होता की देव आपल्याला तिसऱ्या दिवशी उठवील. "ही सगळी बोटं एकाच दिशेला दाखवतायत," उपदेशक म्हणत, आणि त्यांचं स्वतःचं बोट पडवीच्या वाशांकडं वर जाई. बापाचे डोळे त्या वेळी मी पाहिलेत. शिडीवर दिवा पेटल्यावर त्याच्या तोंडावर जसा उजेड पडे, तसेच ते दिसत.

त्यानंच ही जागा निवडली होती. एकदा मला खांद्यावर घेऊन तो इथं आला आणि म्हणाला, "मला हितं पुरा. पाय उगवतीला. उठलो म्हंजे सूर्य सामनेच."

त्याला ताप आला आणि तो गेला. का, कसला, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी खोदून विचारलं नाही. उपदेशक त्या आठवड्यात पनवेलला गेले होते. आई खड्डा खणायला माणसं बघत होती, तेवढ्यात भर दुपारी थोरला काका भाऊबंद घेऊन आला. बरोबर बांबू, दोर, गवऱ्या. आई दारात आडवी उभी राहिली. थोरल्या दिरापुढं तिनं जन्मात तोंड उघडलं नव्हतं, पदराखालूनच ती म्हणाली, "भावजी, त्यांस पुरायचं हाय. त्यांनीच सांगितलंय." काका म्हणाला, "आमच्या घरातलं मानूस मातीत कुजत नाय घालनार. व्हय बाजूला." दोघांनी तिला धरून ओट्यावर बसवलं. मी काकाच्या धोतराला लोंबकळले, तेव्हा त्यानं मला झटकलं ते अजून आठवतं. धोतर नवं होतं, खळीचा वास येत होता. मग नदीकाठी धूर निघाला, आणि आमच्या दारापर्यंत तो वास आला.

आता सांगते ते फक्त आमच्यासारख्या नव्या ख्रिस्ती घरातच घडू शकलं असतं. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे उठली, अंघोळ केली, बापाचं धुतलेलं धोतर आणि बंडी घडी करून घेतली, दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि मला म्हणाली, "चल गं. आज तिसरा दिस."

होशेयाचं ते वचन तिनं मनात धरलं होतं. देव तिसऱ्या दिवशी आपल्याला उठवतो. आपल्याला म्हणजे आपल्या माणसांना, असंच तिला वाटलं. तसं वाटू नये असं तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. जळालेला उठेल का, याची शंका तिला आली असेल, पण तिनं ती गिळली होती. नदीच्या वाळूवरून ती भराभर चालत होती. बाभळी फुलल्या होत्या, पाण्यावर धुकं होतं, आणि मलाही वाटत होतं की तो समोरून येईल. उघडा असेल, म्हणून कपडे.

पण तिसरा दिवस त्यांचाही होता. राख सावडायला भाऊबंद आले होते. काकानं हाडं वेचून मडक्यात भरली होती, राखेवर पाणी मारून ती ओंजळींनी नदीत लोटणं चाललं होतं. आम्ही पोचलो तेव्हा तो गुडघाभर पाण्यात उभा राहून मडकं पालथं करत होता. हाडं पाण्यात पडताना बारीक आवाज झाला. तो वळला, आईच्या हातातली घडी त्याला दिसली, आणि त्याला कळलं. त्याला सगळं कळलं.

"धोतर कुनास आनलंस गं?" तो म्हणाला. "टाक पान्यात. तिकडंच गेला त्यो."

आणि तो हसला. बाकीचेही हसले. एका वेडसर बाईला हसावं तसं.

त्या हसण्याचा सूड घ्यायचा, हे मी त्याच वाळूवर ठरवलं. मी दहाएक वर्षांची असेन. मोठी माणसं मुलांना विचारतात, तू मोठेपणी काय होणार? मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

आम्ही खालापूरला आलो. तिथं सामाजी तेल्याचा घाणा होता. हे बेने इस्राएलांपैकी, म्हणजे कोकणातले यहुदी. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून सगळे त्यांना शनवारतेली म्हणत. आईनं त्यांच्याकडं तीळ पाखडायचं काम धरलं. ती वर्षं आठवली की आधी पेंडीचा उबदार वास येतो, मग घाण्याची लाकडं कुरकुरतात, मग डोळ्यांवर झापड बांधलेला बैल गोल गोल फिरू लागतो. कारळ्यांचं तेल निघे तेव्हा आई हाताला लागलेलं माझ्या केसांना पुसून टाकी. शनिवारी मात्र सगळं शांत. सामाजीकाका पांढरं धोतर नेसून ओट्यावर बसत आणि इब्री प्रार्थना म्हणत, आणि आई पलीकडं बसून ऐके. ज्या लोकांत ते संदेष्टे झाले त्या लोकांतलं हे माणूस. तिला उपदेशकांपेक्षा त्यांचं खरं वाटे.

एकदा तिनं विचारलंच. "काका, तुमच्या शास्त्रात मेलेली उठत्यात का वं?"

"उठनार," सामाजीकाका म्हणाले. "ते आमी बी मानतो. पन शेवटाला, समदी मिळून. तुमी म्हनता येक जन आधीच उठून गेला. ते आमी नाय मानत."

"आन् होशेया? तिसरा दिस?"

"त्यो आमच्या मोडलेल्या लोकांविषयी बोलला गं. मोडलं असलं तरी देव उभं करंल, आसं. तुमचं उपदेशक त्यात येशू बगत्यात. बगू देत."

"दाविदाचं?"

"ते बी तसंच." मग ते म्हणाले, "पन सखू, तुला ते इचारायचंच नाय. तुला इचारायचंय, जळालेला उठंल का."

आईनं सुपातले तीळ एका अंगाला केले. "दाविदाच्या गान्यात काय म्हनलंय? कुजू देनार नाय. माजा मानूस कुजला नाय, काका. त्यो जळला." आणि मग अगदी हळू, पण मला ऐकू येईल असं, "भावजी कुजतील."

मला तेव्हा आईचा इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही. उपदेशकांनी सगळी वचनं येशूकडं नेली होती, सामाजीकाकांनी ती आपल्या लोकांकडं परत नेली होती, आणि आईनं त्यांतलं एक उचलून सरळ थोरल्या काकाच्या दारात नेऊन ठेवलं होतं.

मग माझी शाळा झाली, पुण्यास मुली शिकवण्याचं काम मिळालं. मीही मुलींना तीच वचनं शिकवते, तशीच बोटांवर मोजून. पुनरुत्थानाविषयी मला काय वाटतं ते मात्र मी त्यांना सांगत नाही. त्या काळात मला ते नीट ठाऊकही नव्हतं. प्रार्थनेत सगळे आमेन म्हणत, मीही म्हणत असे. आत कुठं तरी ती हाडं पाण्यात पडल्याचा आवाज ऐकू येई.

प्लेगच्या साली मी सुट्टीला खालापूरला होते. गावं ओस पडली होती, माणसं रानात झोपड्या घालून राहिली होती, दारांवर काटे ओढलेले. खबर आली की थोरल्या काकाला गाठ आलीय आणि मुलगे त्याला घरात टाकून रानात निघून गेलेत. आई उठली. मीही उठले. सामाजीकाका आता म्हातारे झाले होते, पण तेलाची बैलगाडी त्यांनीच हाकली.

घरात उंदरांचा आणि आजाराचा वास होता. काका घोंगडीवर पडला होता, ओठ फाटलेले. आईनं त्याचं तोंड पुसलं, पाणी पाजलं, पदर डोक्यावर ठेवूनच. त्यानं तिला ओळखलं. आणि ती का आली असेल, हेही त्यानं ओळखलं असावं, कारण त्यानं हात जोडले.

"सखू," तो म्हणाला, "पोरं येनार नायत. तू कुनाला तरी सांगून अग्नी दे मला. पुरू नको गं. तेवढं नको करू."

"पानी प्या, भावजी," आई म्हणाली. एवढंच.

दुपार कलता कलता तो गेला. आईनं त्याला अंघोळ घातली, कोरं वस्त्र गुंडाळलं, आम्ही तिघांनी मिळून गाडीत ठेवलं. बैल कर्जतच्या वाटेला लागले तेव्हा सामाजीकाका म्हणाले, "सखू, ह्ये धरमाचं काम न्हवं."

"धरमाचंच हाय. तुमच्याच दानिएलानं लिवलंय ना? मातीत निजलेलं उठतील. काई जगायला, काई लाजंत बुडायला. ह्यांना मातीतच निजवते."

"आगं, जो नदीतनं तुजा नवरा हुडकून काढंल, त्याला हे राखेत सापडनार नायत व्हय? मग पुरायचं कशाला?"

आई गाडीच्या दांडीला धरून बसली होती. ती म्हणाली, "नको म्हनले म्हनून."

बापानं मला खांद्यावर घेऊन जी जागा दाखवली होती, त्याच जागी आम्ही काकाला ठेवलं. पाय उगवतीला. आई स्वतः खड्ड्यात उतरली आणि त्याची मान सरळ केली. उपदेशकांनी परवानगी दिली, आणि पुढच्याच रविवारी पडवीत या बाईच्या क्षमेवर प्रवचन केलं. जिनं नवऱ्याच्या वैऱ्याला शेवटचं पाणी दिलं, ज्याला पोटच्या पोरांनी टाकलं त्याला जिनं माती दिली. लोक रडले. आई मान खाली घालून बसली होती. मी तिच्या शेजारी होते, आणि तिच्या ओठाचा एक कोपरा हललेला फक्त मला दिसला. मला तो कोपरा फार आवडला. अजून आवडतो.

पुढं तीही गेली, शांतपणे, खालापूरला, आणि तिला तिथंच ठेवलं. मरताना तिनं मला एकच काम सांगितलं, "भावजीस्नी जप गं." म्हणून मी येते. म्हणून विळा.

यंदा गवत काढून झालं आणि हात धुवायला उठले, तर कुंपणापाशी गणू उभा. काकाचा थोरला मुलगा. केस पिकलेले, पायात वहाणा नाहीत. त्याच्या हातात नवं लाल मडकं होतं, मडक्याच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. मी मडकं पाहिलं आणि काय ते समजले.

"बाय," तो म्हणाला, "आमचा बाप दे."

मी विळा उचलून हातात धरला.

"सराद घातलं, कावळा शिवत नाय. धाकटा पोरगा अंथरुनाला खिळलाय, भगत म्हनतो आजा अडकलाय. हाडं काडून नेतो, अग्नी देतो, नदीत सोडतो. मोकळा हुईल त्यो. तुज्या पाया पडतो."

त्याच्या पोराचं ऐकून मला वाईट वाटलं, हे खोटं नाही. पण मडकं धरलेल्या त्याच्या हातांकडं पाहताना मला जे वाटत होतं, ते वाईट वाटणं नव्हतं. या क्षणासाठी मी किती वर्षं गवत उपटलं होतं!

"नाही," मी म्हटलं.

"येशूची मानसं तुमी. तुमी माफ करता म्हनं."

"करतो. पण ज्याचं नुकसान झालं त्यानं माफ करायचं असतं. तुझ्या बापानं माझ्या बापाचं केलं. माझा बाप ज्या दिवशी उठेल, त्या दिवशी तो सांगेल, सोड माझ्या भावाला. मग मी स्वतः खणून देते."

गणूला मी चेष्टा करतेय असं वाटलं असावं. त्यानं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं. "कवा उठंल त्यो?"

"ठाऊक नाही."

"आन् नायच उठला तर?"

हाच प्रश्न मी शाळेत, देवळात, रात्री अंथरुणात स्वतःला विचारायचं टाळत आले होते. यशया, योना, होशेय, सगळे माझ्या तोंडपाठ, आणि तरी या प्रश्नाला मी कधी सरळ भिडले नव्हते. गणूपुढं उभी राहिल्यावर मात्र मला एक क्षणही लागला नाही.

"उठेल," मी म्हटलं.

आणि ते मला पटलं होतं. इतक्या खात्रीनं मी देवाविषयीसुद्धा कधी बोलले नसेन. रागानं माझ्या आत जे पक्कं केलं, ते उपदेशकांच्या एवढ्या वर्षांच्या शिकवणीनं झालं नव्हतं. याची मला लाज वाटत नाही. मनात एकदम आनंद दाटून आला, आणि त्या आनंदाच्या भरातच मी आणखी एक घाव घातला.

"तो उठल्याशिवाय तुझ्या बापाची सुटका नाही, गणू. तेव्हा तूही लाग प्रार्थनेला. माझा बाप उठू दे, म्हणून."

मला वाटलं, आता तो शिव्या देईल. मडकं आपटेल. निदान थुंकून निघून तरी जाईल. मी त्याची वाट पाहत होते.

गणूनं मडकं हळूच खाली ठेवलं, मातीवर मांडी घातली आणि टोपी काढली. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आवाज साधाच होता.

"कशी करायची ते सांग, बाय," तो म्हणाला. "तू म्हनशील तसं म्हनतो."

सूड घ्यायला बसलेल्या बाईला असं कुणी विचारू नये. मी विळा गवतावर टाकला आणि त्याच्या समोर मातीवर बसले.